पळजो नोको, बाबू

रोहण्याच्या स्टेशनावर छोटी गाडी लागली, तेव्हा बानं माझ्या हातातली वळकटी घेतली, डब्यात चढवली आणि खिडकीशी येऊन एवढंच बोलला, "तिथं चालत राह्यजो. पळजो नोको, बाबू."

आता बोला! पोरगा पहिल्यांदा घर सोडून वर्ध्याच्या कॉलेजात निघालाय, आमच्या वस्तीतला पहिलाच, आणि बाप काय सांगतो, तर पळू नको. अभ्यास कर म्हटलं नाही, वेळेवर जेव म्हटलं नाही. माय मागे उभी होती. ती म्हणाली, "पोचल्याची खबर देजो." खबर हा शब्द ऐकून बानं तिच्याकडे असं पाहिलं की तिने जीभ चावली. गाडी हलली. आमची पुलगाव-आर्वीची छोटी गाडी निघताना इतकी रेंगाळायची, की बा फलाटाच्या टोकापर्यंत तिच्या बरोबरीने चालत आला. चालतच आला. मग गाडीने जोर धरला, मी खिडकीतून हात काढला, आणि बा तिथेच थांबला. दुसरा कोणी बाप चार पावलं तरी धावला असता. माझा नाही धावला.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. आज मी जबलपुरात, नोकरी केली त्या कारखान्याच्या जुन्या क्वार्टरजवळ घर बांधून राहतो, हिंदीत भाजी घेतो, हिंदीतच भांडतो. पण गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, ते वाक्य मला अजून वऱ्हाडीतच ऐकू येतं. सकाळी इथल्या पार्कात ट्रॅकसूट घालून माणसं पळतात, कानात वायरी घालून, हसत, गप्पा मारत. रोज बघतो. तरी एखादा अचानक मागून धपधप आला की अजून मी जागीच थांबून त्याच्या तोंडाकडे बघतो. या वयात!

कारण आमच्या घरी पळणं म्हणजे मरण. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी जरा दम धरा, नव्यांना सांगू द्या. गावात कोणीही गेलं, पाटलाच्या घरचं असो की तेल्याच्या, तर परगावच्या लेकीबाळींना, सोयऱ्यांना सांगावा पोचवायचं काम आमचं. आम्हा महारांकडे गावकीची जी कामं जन्मानेच यायची त्यातलं हे एक, आणि आमच्या वस्तीत ते बाच्या वाट्याचं. मयत घरात आणि बा रस्त्यावर. पळायचं, थांबायचं नाही. सांगावा देईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही. आणि त्या गावात शिरायचं नाही. शिवेवर उभं राहायचं, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडून हातात धरायचा, आणि ज्या घरचा निरोप त्या घराच्या नावाने हाक मारायची. दुपट्टा हातात दिसला की बघणाऱ्याने समजून जावं.

लहानपणी एकदा हट्ट करून मी त्याच्यासोबत विरूळपर्यंत गेलतो. बा शिवेवर थांबला, हात डोक्याकडे गेला. विहिरीवर बाया पाणी भरत होत्या. त्यातल्या एकीने लांबूनच दुपट्टा पाहिला, घागर टाकली आणि ऊर बडवायला लागली. बा अजून एक शब्द बोललेला नव्हता. आणि मयत तिच्या घरचं नव्हतंच! दुसऱ्याच कुणाची तरी सासू गेली होती. पण त्या बाईचा तो टाहो ऐकून माझी चड्डी ओली झाली, खोटं कशाला सांगू. परत येताना बानं दुपट्टा पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग म्हणाला, "आजलोक मले येतानी पाहून कोनी हासलं नाई रे."

छप्पन्नच्या दसऱ्याला बा आणि माय नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्याबरोबर बानं गावकी सोडली. थोड्याच दिवसांत पाटलाची म्हातारी गेली. बोलावणं आलं. बा ओट्यावर बसून राहिला. "आता आमी नाई पळत जी," म्हणाला, "कोनी सायकलवाला धाडा." गाव पेटलं. आम्हाला कामावर घेणं बंद, दळण बंद, वाटेने जाताना शिव्या. बा हलला नाही. तेव्हापासून बा कशासाठीच पळेना. एकदा आमची शेळी सुटली, माय ओरडतेय, आम्ही ओरडतोय, आणि बा आपला सावकाश चालत तिच्या मागे. शेळी गेली ती गेलीच. मायनं त्याला आठ दिवस ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं.

तर असा मी वर्ध्याला पोचलो. बोर्डिंगात पहिल्याच सकाळी खिडकी उघडली, आणि समोरच्या मैदानात पाच-सहा पोरं हाफपँट घालून जीव खाऊन पळताहेत! मी ओरडलोच, "कोन गेलं? अरे, कोन गेलं?"

खोलीतला मनोहर दचकून उठला. तो आष्टीचा, शिक्षकाचा मुलगा. "कोण कुठे गेलं?"

"मेलं कोन?"

"मरायला काय झालंय त्यांना? शर्यतीची प्रॅक्टिस चाललीय."

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकून बघायला लागलो. कोणी मेलेलं नसताना, कोणी पाठवलेलं नसताना, माणसं नुसती पळतात? आणि वर त्याला टाळ्या वाजवतात? आठवडाभर सारं बोर्डिंग मला बघून "कोन गेलं?" विचारत होतं. विचारू दे. माझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. मी रोज सकाळी मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहायचो आणि आ वासून बघायचो.

खेळाचे फाटक सर एक दिवस म्हणाले, "रोज उभा राहून काय बघतोस? ये की आत." बाचं वाक्य कानात होतं. पण पायांना कोण समजावणार? ते जन्मापासूनच तयार बसले होते. मी आत गेलो, आणि पहिल्या फेरीत सगळ्यांना मागे टाकून असा सुटलो की सर शिट्टी वाजवायची विसरले. पुढच्या फेरीत पोटात कळ आली आणि मी चिंचेखाली बसून भडाभडा ओकलो. आम्हाला एकच पळणं माहीत, मयत घरात असल्यासारखं. दम राखून पळायचं असतं, हे आमच्या घरी कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

मग सुरू झाले माझे हाल. कॅन्व्हासचे बूट घातले तर टाचा सोलून निघाल्या, काढून टाकले तर बाभळीच्या काट्यांनी तळपाय चाळणी. सर ओरडायचे, "हळू! हळू सुरुवात कर!" आणि शिट्टी वाजली की मी पुन्हा भूत लागल्यासारखा. शेजारच्या नालवाडीच्या शिवेपर्यंत सगळ्यांच्या पुढे, आणि तिथून परत येताना सगळ्यांच्या मागे, एक हात कुशीवर. मनोहर माझ्याहून बारीक, दम्याने बेजार, तोही मला ओलांडून जायचा आणि जाताना म्हणायचा, "कोण गेलं?" असा राग यायचा! पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मैदानात. हळूहळू जमायला लागलं. थंडी पडेपर्यंत मी दम राखायला शिकलो, आणि सर माझ्याकडे बघून काही न बोलता मान हलवायला लागले. मला तेवढंच पुष्कळ होतं.

पहिली शर्यत कॉलेजातलीच. मैदानातून निघायचं, रस्त्याने पवनारला, गावातून थेट धाम नदीपर्यंत, आणि तसंच परत. त्या दिवशी मी पहिल्यांदा शहाण्यासारखा पळालो. कुणालाही न दमवता, न दमता, पवनार दिसायला लागलं तेव्हा मी सर्वांच्या पुढे. मनात म्हटलं, आज जमलं. समोर गावाची शीव आली, तिथे एक मोठा कडुनिंब. आणि माझे पाय थांबले.

मी थांबवले नाहीत. ते थांबले. मी कडुनिंबाखाली उभा, गावाकडे तोंड करून, आणि माझा हात डोक्याकडे चाललेला. डोक्यावर काही नव्हतं तरी. मागून पोरं आली, एकेक करून माझ्या अंगावरून गावात शिरली. कोणी म्हणालं, "काय झालं बे?" पुढे टाकायला पाऊल उचलावं तर उचलेना. मी माझ्याच पायांकडे बघत राहिलो. हे पाय माझे की बाचे? आजोबाचे? कॉलेजात पहिल्या बाकावर बसायला लागलेला मी, इंग्रजीत निबंध लिहिणारा मी, आणि पायांना अजून वाटत होतं की आपण शिवेवरच थांबायचं असतं. आपल्याला गावात जायचं नसतं. एवढा धक्का मला आयुष्यात कधी बसला नव्हता. पोरं नदीला जाऊन परत फिरली, आणि मी त्यांच्या मागे चालत कॉलेजात आलो.

फाटक सर संतापले. "पुढे होतास! उभा का राहिलास?" काय सांगू त्यांना? रात्री जेवताना मात्र मनोहरला सगळं सांगितलं. सांगावा, दुपट्टा, शीव, सगळं. त्याचा घास हातातच राहिला. त्याच्या आष्टीतही असा सांगावा घेऊन माणूस यायचा. त्यानं शेकडो वेळा पाहिला होता. "पण तो आत का येत नाही, हे मी कधी विचारलंच नाही रे," म्हणाला. त्यानंतर त्याने मला "कोण गेलं?" कधी विचारलं नाही.

उलट उपाय त्यानेच काढला. दर रविवारी आम्ही दोघं नालवाडीला जायचो. तो शिवेच्या आत उभा राहायचा, मी बाहेर. तो हाक मारायचा, मी पळत आत जायचो. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. नालवाडीची माणसं दारात बसून ही सर्कस बघायची. एक म्हातारा म्हणाला, "कालेजात हेच शिकवते काय बाप्पा?" पहिले काही रविवार माझे पाय शिवेवर अडखळायचे. मग एकदा मी बोलता बोलता आत गेलो आणि मला कळलंच नाही. मनोहरनेच ओरडून सांगितलं, "गेलास की बे!"

दुसरी शर्यत मोठी, चार कॉलेजांची. रस्ता तोच. कडुनिंब आला, मी श्वास धरला, आणि पाय गेले! गावात शिरलो, दुकानं ओलांडली, नदीकडच्या उताराला लागलो. आता पवनारात आमच्या लोकांची वस्ती नदीच्या अंगाला, आणि तिथे माझी जनाआत्या दिलेली. बाची धाकटी बहीण. मी वर्ध्यात शिकतो हे तिला ठाऊक होतं, पळतो हे नव्हतं. ती दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, आणि तिला दिसलं काय, तर आपल्या भावाचं पोरगं घामाघूम होऊन आपल्या घराकडे पळत येतंय.

सूप उडालं. तांदूळ रस्त्यावर. "माह्या दादा गेला वो माय! माह्या दादा गेला!" असा टाहो तिनं फोडला की वस्तीतली सगळी घरं बाहेर आली. मी धावत तिच्यापाशी गेलो. "आत्या, बा बरा हाय! आत्या, ही शर्यत हाय!" ऐकते कोण? ती जमिनीवर लोळण घेतेय, बाया तिला धरताहेत, एक म्हातारी मलाच विचारतेय, "कवा गेला? कसा गेला?" मी हात जोडले, ओरडलो. शर्यतीतली पोरं बाजूने पळत गेली. त्यांना वाटलं, याच्या घरचं खरंच कोणीतरी गेलं. दोघंतिघं तर थांबून माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

माझी शर्यत तिथेच संपली. पण आत्याची संपली नाही. मी खोटं बोलतोय, तिला सांभाळून घेण्यासाठी बोलतोय, असंच तिला वाटलं. मी गेल्यावर ती तशीच उठली, मोटार पकडली, पुढे छोटी गाडी पकडली, आणि रडत रडत आमच्या घरी पोचली. बा ओट्यावर बसून चहा पीत होता.

"तू जित्ता हायस?" आत्या म्हणाली, आणि बशीतला चहा बाच्या धोतरावर सांडला. मायनं हे मला पुढे कितीदा सांगितलं, दर वेळी हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. बा मात्र हसला नाही. त्याला कळलं ते एवढंच, की आपला पोरगा पळतो.

मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा तो माझ्याशी बोलला ते एकदाच. "माह्या बहिनीनं माह्या जित्तेपनी माह्यासाठी टाहो फोडला. तुह्या पळन्यानं."

"बा, मी कोनाचा सांगावा घेऊन नाई पळत. मी रिकाम्या हातानं पळतो."

"रिकाम्या हातानं चोर पळते." मग म्हणाला, "सारं गाव अंगावर घेतलं मी. काऊन? माह्या पोरानं पळू नाई म्हनून. अन् तू तिथं जाऊन हाऊसेनं पळून राह्यला."

त्याचं चूक नव्हतं, आणि माझंही नव्हतं, आणि दोघांनाही एकमेकांचा असा धक्का बसला होता की घरात माय एकटीच बोलत होती. निघायच्या दिवशी स्टेशनावर तीच आली. बा आला नाही. गाडी सुटताना मी फलाटाच्या टोकाकडे उगाच बघत राहिलो. बापाचा अबोला घेऊन जगायचं असेल तर नको ते पळणं, असं त्या प्रवासात शंभरदा मनात आलं. वर्ध्याला उतरलो, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा मैदानात गेलो. सोडता आलं नाही. तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही गोष्ट माझी आहे, कोणी पाठवलेली नाही.

फरक पडला तो आत्यात. ती परत आली, आणि दर रविवारी आम्ही पवनारला प्रॅक्टिसला जायचो तेव्हा दारात उभी राहायला लागली, हातात पाण्याचा गडवा घेऊन. आधी रागानेच. "ये मेल्या, पानी पे. माह्ये तांदूळ सांडवले तुनं." मग हळूहळू लांबूनच मला बघून हसायची, शेजारणींना हाका मारायची. पुढे तर वस्तीतली सगळी पोरं आमच्यासोबत नदीपर्यंत पळायची.

पुढच्या हिवाळ्यात तीच चार कॉलेजांची शर्यत पुन्हा आली. वर्षभर बा माझ्याशी बोलला नव्हता. मी घरी गेलो की तो बाहेर, तो घरी आला की मी बाहेर. त्या सकाळी मी चांगला पळत होतो. माझ्या पुढे दोघंच. पवनारची शीव आली, कडुनिंब आला, आणि कडुनिंबाखाली बा उभा होता. डोकं उघडं. दुपट्टा हातात.

मला माझ्या डोळ्यांपुढे विरूळची विहीर दिसली. माय! दुसरं कोण? माय गेली. मायसाठी बा पुन्हा पळाला. मी त्याच्यापासून दहा पावलांवर थांबलो. कसंबसं म्हटलं, "माय?"

"माय घरी हाय! तिले काय झालं?" बा गोंधळून म्हणाला. "काऊन थांबला बे?"

मी त्याच्या हाताकडे बोट दाखवलं. त्याने खाली पाहिलं. दुपट्टा हातात बघून तो स्वतःच असा चपापला, की जणू साप धरलाय. "आत्यानं आणलं मले," म्हणाला, "एकदा पाह्य म्हने पोराले. मी इथं उभा राह्यलो, अन्..." शिवेवर उभं राहिल्यावर त्याचा हात आपसूकच डोक्याकडे गेला होता. माझे पाय थांबले होते, तसाच. आम्ही दोघं बापलेक एकमेकांकडे बघत उभे. मागून पोरं येऊन आम्हाला ओलांडून गेली.

आणि मग बा ओरडला. "पळ ना बे! पळ!"

ज्याने मला पळू नको असं सांगून वर्ध्याला पाठवलं त्याच्या तोंडून हे ऐकून मी आणखीच खिळलो. तेव्हा त्याने माझा दंड धरला, एक हिसडा दिला, आणि स्वतःच पळायला लागला! धोतराचा सोगा एका हातात, दुपट्टा दुसऱ्या. शीव ओलांडून थेट गावात. पळत गावात शिरण्याची त्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. मी त्याच्या मागे. अरे, काय पळायचा माझा बाप! मी आधी ते फक्त लहान डोळ्यांनी पाहिलं होतं.

पंच सायकलवर मागून ओरडत आले, "अहो, बाहेरच्या माणसाने पळायचं नाही! बाहेर व्हा!"

"बाहेरचा नाई जी, बाप हाय!" बा मान न वळवता म्हणाला.

दुपट्टा हातात घेऊन पळणारा माणूस पाहून गाव बाहेर आलं. बायांनी तोंडावर पदर घेतले. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला, "कोन गेलं गा? कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं!" बा पळता पळता ओरडत होता. "कोनी नाई गेलं वो माय! माह्या पोट्टा हाय, शर्यतीत हाय!" आणि तो दुपट्टा त्याने वर उडवला, झेलला, पुन्हा उडवला. लोक आधी थिजले, मग एक बाई खुदकन हसली. मग दुसरी. मग आख्खी गल्लीच हसायला लागली. नदीच्या उतारावर आत्या पोट धरून हसत होती. बानं ते सगळं बघितलं. बघत बघतच तो दम लागून आत्याच्या ओट्यावर बसला, आणि मी पुढे गेलो.

मी पहिला आलो नाही. पाचवा आलो. सरांना पंचांशी अर्धा तास हुज्जत घालावी लागली, मला बाद करू नये म्हणून. पण संध्याकाळी बा मला बोर्डिंगात भेटायला आला, माझ्या खाटेवर बसला आणि म्हणाला, "हासले नाई का रे लोक?" मी म्हटलं, "हासले बा." तो पुन्हा पुन्हा तेवढंच विचारत होता. मनोहरलाही विचारलं.

पुढे मी नागपूरला नोकरीला लागलो, मग तिथून जबलपूरला. इथे मला लोक विचारतात, तुमचं गाव कोणतं. मी रोहण्याचं नाव सांगतो. पण घर म्हटलं की मला रोहणं दिसत नाही, आमचा ओटाही दिसत नाही. पवनारची ती गल्ली दिसते, जिथे आपण पळत येताना बघून कोणीतरी हसत बाहेर येतं. का, ते सांगतो, आणि थांबतो.

नागपूरला असतानाच एका सकाळी तार आली. बा गेला, आत्याला घेऊन ये. आता आमच्या वस्तीतून सांगावा न्यायला कोणी पळत नव्हतं. ते बानंच बंद केलं होतं. आत्याला काहीच कळलेलं नव्हतं. मी मिळेल त्या मोटारीने पवनारला उतरलो, आणि उतरलो तसा पळत सुटलो. कपडे ऑफिसचे, पायात चामडी बूट. मी काय करतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वस्तीजवळ आलो तेव्हा एकदम कळलं. जन्मात पहिल्यांदा मी खरा सांगावा घेऊन पळत होतो, आणि तो माझ्याच बापाचा होता.

पाय थांबले. आता ओरडायला हवं होतं. पण आत्याने मला लांबूनच पाहिलं होतं. पळत येताना पाहिलं होतं. ती तोंडभर हसली, शेजारणीला हाक मारली, "पाह्य, माह्या दादाचा पोट्टा आला!" आणि आत जाऊन पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. हसतच माझ्यापुढे धरला.

सांगावा देईपर्यंत घोटभर पाणी घ्यायचं नसतं. बानं जन्मभर ते पाळलं. मी गडवा हातात घेतला आणि हळूहळू, थांबत थांबत, सगळं पाणी प्यालो. आत्या समोर उभी राहून हसत होती. गडवा रिकामा झाला, तो तिच्या हातात दिला, आणि मग तिला सांगितलं.